आलीच आहेस तर

मेडेयिनच्या चढावर, या पिवळ्या घरात
रात्रपाळी माझी.
पाच खाटा, दोन आरामखुर्च्या,
आरसा एकच, न्हाणीघरात,
त्यावर टॉवेल टाकलेला.

खिडकीजवळच्या खुर्चीत दायरा.
वय एकेचाळीस,
एन्विगादोला शाळेसमोर झेरॉक्सचं दुकान.
गेली होती फक्त छातीचं विचारायला.
तीन लेकरं पिऊन मोठी झाली,
मागे उरले, ती म्हणते,
वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशीचे दोन फुगे.

डॉक्टर म्हणाले, आलीच आहेस तर
पोटही घेऊ आवरून.
भूल एकदाच, बिल एकदाच, रजाही एकच.
आणि पोट आवरतोच आहोत तर
कमरेची चरबी फेकायची कशाला,
मागच्या बाजूला भरू.
दायराला हिशोब पटला.
पाठपोट काढलं की स्वस्त पडतं
हे गिऱ्हाइकांना तीच तर सांगते रोज.

साडेपाच तास लागले.

आता प्रश्न असा
की झोपायचं कुठल्या अंगावर.
पालथं नाही, नवी छाती.
उताणं नाही, मागचं दबेल.
कुशीवर नाही, सक्त ताकीद.
ताठ उभं राहावं तर पोटाचे टाके ओढतात.
माणसाला इतक्या बाजू असतात
हे मला या नोकरीत कळलं.
शेवटी मांड्यांखाली दोन उशा,
बूड अधांतरी,
आणि रात्रभर ती खुर्चीत
बसल्यासारखी, न बसल्यासारखी.

दर चार तासांनी मी बाटल्या मोजते.
डावी ऐंशी, उजवी पासष्ट.
वहीत रंग लिहिते: टरबुजाचं पाणी.
मग गुळाचं कोमट पाणी, लिंबू पिळून,
नळीने, घोट घोट.
हसवू नकोस गं नोहेलिया, ती म्हणते,
हसलं की तिन्ही ठिकाणी दुखतं.
मी कुठे हसवते?
पलीकडची ओदालिस झोपेत किराणा मागवते,
अंडी, अंडी, अजून अंडी,
आणि आम्ही दोघी
तोंडात उशीचं टोक धरून गप्प.

तिसऱ्या दिवशी पहिली आंघोळ.
घट्ट पट्ट्याचे हुक सोडवले, चाळीस की बेचाळीस,
शेवटचा निघाला
आणि डोळे पांढरे करून ती माझ्यावर कोसळली.
ओल्या फरशीवर मी पाय रोवून उभी,
खांद्यावर तिचं सगळं वजन,
जुनं आणि नवं.
शुद्धीवर आली तेव्हा पहिला प्रश्न,
कसं दिसतंय?
टॉवेल काढू का, विचारलं.
नको, म्हणाली. उद्या.

मला विचारतात सगळ्या,
तू का नाही घेत करून, तुला तर सवलत असेल.
रजा शिल्लक नाही, मी सांगते.
एकदा पैसे भरलेही होते,
छाती आणि पोट, एकाच भुलीत.
मग आईचे दात आले मध्ये.
आता ती मक्याची कणसं खाते कडाकडा,
माझ्यासमोर बसून.
मी बघत राहते.
वाईट वाटत नाही. थोडं वाटतं.

रविवारी दायराची धाकटी आली,
मारियान्हेल, सात वर्षांची.
धावत आली आणि खुर्चीपाशी थबकली.
हात पसरलेले, ठेवायचे कुठे?
छातीवर पट्टा, पोटाला नळ्या,
कमरेला कापूस.
तिनं माझ्याकडे पाहिलं.
मी बोटाने दाखवलं: कोपर.

तिनं दोन्ही हातांनी कोपर धरलं,
त्याला गाल लावला,
आणि दबक्या आवाजात विचारलं,
आई, हे आधीचंच आहे ना?
आधीचंच, दायरा म्हणाली,
याला कुणी हातसुद्धा लावला नाही.

हसली. दुखलं असणार.

कोपर फार खरखरीत झालं होतं.
चार दिवस सगळीकडे मलम लावत होते,
तिथे लावायचं
माझ्या लक्षातच आलं नव्हतं.